एकवीस चोची आणि बाविसावा घास

हिरवडी नगरात राणीसरकारांची मोठी बाग होती आणि त्या बागेच्या अगदी मागच्या कोपऱ्यात एक इवलंसं खोपटं होतं. इतकं इवलंसं, की चूल पेटली की धूर आत बसायचा आणि माणसं बाहेर. त्या खोपट्यात बिट्टी राहायची आणि बिट्टीची आई सगुणा. बिट्टी होती आठ वर्षांची. तिच्या परकराला सात ठिगळं होती, सातही वेगवेगळ्या रंगांची. कुणी हसलं की ती म्हणायची, "हा परकर इंद्रधनुष्याच्या दुकानातून आणलाय!"

आईचं काम मात्र राजेशाही होतं, बरं का! बागेच्या मधोमध एक पोपटखाना होता. उंच, गोल, सोनेरी जाळीचा. आत फांद्या, झोके आणि पाण्याची छोटीशी कुंडी. त्यात एकवीस पोपट राहायचे. गवती हिरवे, कैरीसारखे हिरवे, काचेच्या बांगडीसारखे हिरवे. लाल लाल चोची आणि गळ्यात गुलाबी कंठ्या. त्या एकवीस जणांचं खाणं सगुणा करायची.

ते कसं करायची, तेही ऐका. बुधवारी बाजार भरायचा. सोमवारीच ती मूग, मटकी आणि हरभरे भिजत घालायची आणि रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. बुधवारी फडकं सोडलं, की पांढरेशुभ्र इटुकले मोड बाहेर डोकावत असायचे. मग बाजारातून ताजी भाजी यायची. लाल भोपळा उकडायचा, गाजरं किसायची, मक्याचे पिवळेधमक दाणे शिजवायचे, बाजरी मऊ करायची. वरून शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर आणि पेरूच्या फोडी. मोठ्या परातीत सगळं हलक्या हातानं कालवायचं आणि सात मडक्यांत भरायचं. सात मडक्यांना सात रंगांची फडकी. रोज एक मडकं. आठवड्याचं खाणं असं एका दिवसात व्हायचं. आई त्याला 'घाणा' म्हणायची. त्यात तळण नव्हतं, पण तिचा शब्द तोच.

घाण्यात चार गोष्टींना सक्त मनाई होती. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही आणि कांदा नाही. आणि बुधवार उजाडला, की आई सगळ्यात आधी एक गंमत करायची. मिठाची बरणी उचलून खोपट्याबाहेर शेवग्याच्या बेचक्यात नेऊन ठेवायची!

"ती का गं?" बिट्टी विचारायची.

"अगं, स्वयंपाक करणाऱ्या हाताला खोड असते. काही रटरटताना दिसलं की हात आपोआप मिठाकडे जातो. डोक्याला कळतसुद्धा नाही. म्हणून आज मिठाला घराबाहेर काढायचं."

असं सगळं छान चाललं होतं. पण दिवाळीनंतर एके सकाळी आई विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, महिन्यानं सोडल्या. हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. तो हात नुसता मांडीवर पडून राहायचा. सगुणाचं काम गेलं. घाण्याचं धान्यही बंद झालं. मायलेकी एकेका भाकरीवर दिवस काढू लागल्या.

मग पोपटांना खायला कोण घालणार? कारभारी त्र्यंबकपंत. पंत मनानं वाईट नव्हते. पण ते होते भारी आळशी आणि त्यांना शेव भयंकर आवडायची. आपल्याला आवडतं ते सगळ्यांनाच आवडतं, असा त्यांचा ठाम समज होता. म्हणून ते खालच्या झरोक्यातून पोपटांना रोज शेव, चिवडा, कांदाभजी आणि शिळी जिलबी सरकवायचे. निम्मी स्वतः खायचे, ती गोष्ट वेगळी.

हळूहळू पोपटांची पिसं गळू लागली. हिरवा रंग धुरकट झाला. झोके रिकामे राहिले. एकवीस जणांत पाचू नावाचा एक पोपट होता. तो रोज पहाटे ओरडायचा, "बिट्टे, ऊठ!" की बिट्टी उठलीच. आता तोही गप्प झाला. त्या शांततेनंच बिट्टीला जाग यायची आणि तिला रडू फुटायचं.

एक दिवस राणीसरकार आल्या. पोपट पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी पाखरांचा एक व्यापारी गावात आला होता. त्याच्या गाडीवर एकवीस छोटे छोटे पिंजरे होते. तो मिशीवर ताव देत म्हणाला, "द्या मला, सरकार. एकवीस गावांत एकेक नेऊन विकतो."

राणीसरकारांनी एकदा त्या छोट्या पिंजऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इथं राहून त्यांचे हालच होणार असतील, तर नाइलाज आहे. पण माघी पौर्णिमेपर्यंत थांबा. त्या दिवशी पिसं हिरवी दिसली पाहिजेत, आणि पुढच्या आठवड्याच्या ताज्या खाण्याची सातही मडकी भरलेली दिसली पाहिजेत. नाहीतर घेऊन जा."

एकवीस गावांत एकवीस पिंजरे! पाचू एका गावात आणि त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावात! पौर्णिमेपर्यंत तीनच बुधवार होते. म्हणजे तीन घाणे. पण घरात मूठभर मूगही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बिट्टीच्या वाटणीला एक छोटीशी भाकरी आली. ती घेऊन ती पोपटखान्याशी गेली आणि भाकरीचे तुकडे करू लागली. एकवीस तुकडे पोपटांचे आणि बाविसावा आपला. एकेक तुकडा तिनं झरोक्यातून आत दिला. "हळू खा रे. मीठ नाही त्यात. मी मुद्दाम अळणीच थापली."

हातात बाविसावा तुकडा उरला, नखाएवढा. ती तो तोंडात टाकणार, इतक्यात शेजारच्या डाळिंबाच्या झुडपातून नाजूक आवाज आला.

"आणि मला?"

बिट्टीनं पाहिलं. झुडपावर एक केशरी-लाल फूल होतं, आणि ते फूल चक्क पाय हलवत बसलं होतं! छे, फूल कुठलं! ती होती करंगळीएवढी परी. तिचा घागरा डाळिंबाच्या फुलाचा. तिचे पंख पातळ आणि चमचमते, सकाळचं ऊन त्यातून आरपार जात होतं. गळ्यात डाळिंबाच्या दाण्यांची माळ, आणि प्रत्येक दाण्यात एकेक ठिणगी लुकलुकत होती.

बिट्टीनं एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा परीकडे. पोट गुरगुरलं. तरी तिनं हात पुढे केला. "घे ना. तू पण उपाशी दिसतेस."

परीनं दोन्ही हातांनी तुकडा धरला आणि कुरतडला. "अय्या, अळणी!"

"त्यांना मीठ चालत नाही ना, म्हणून."

"आणि तुला चालतं अळणी?"

"भूक लागली की मला काहीही चालतं," बिट्टी म्हणाली आणि खुदकन हसली.

परीही हसली आणि सगळं झुडूप लखलखलं. "मी डाळिंबपरी. इथं बसून मी तुला रोज पाहते, बिट्टे. आज तू माझं पोट भरलंस. मी तुला तीन इच्छा देते. दर घाण्याला एक. पण नियम आहेत हं!"

"नियम कशाला?"

"नियम नसले की इच्छा दुधासारख्या उतू जातात. ऐक. पहिला नियम, जे मागशील ते तुझ्या ओंजळीत मावलं पाहिजे. दुसरा, जे काम तुझ्या हातांनी होण्यासारखं आहे, ते इच्छेला सांगायचं नाही. तिसरा, झालेली चूक पुसायला इच्छा चालत नाही. चौथाही एक नियम आहे."

"तो कोणता?"

"तो सांगायचा नसतो. ज्याला कळायचा त्याला आपोआप कळतो."

बिट्टी धावत सुटली. थेट खोपट्यात! आईचा उजवा हात तिनं अलगद उचलला आणि स्वतःच्या ओंजळीत ठेवला. मावला! बरोब्बर मावला!

"आई, आई, तुझा हात बरा होणार! मी आत्ताच मागते!"

तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. आईनं तिला जवळ घेतलं. "माझा हात कुठं पळून चाललाय, बाळा? पण त्या एकवीस जणांना तीनच बुधवार आहेत. आधी त्यांचं बघ."

बिट्टीनं मनाशी ठरवलं, पहिल्या दोन इच्छा पोपटांच्या, तिसरी आईची. मनाच्या एका कोपऱ्यात तिनं ती तिसरी इच्छा जपून ठेवली.

डाळिंबाशी परत येऊन तिनं ओंजळ पुढे केली. "मला ओंजळभर धान्य दे, जे कितीही घेतलं तरी संपणार नाही."

टिक् टिक् टिक्! ओंजळीत मूग पडले, मटकी पडली, हरभरे, बाजरी, मका. हिरवे, तपकिरी, पिवळे दाणे. बिट्टीनं ते एका सुपात ओतले आणि पुन्हा ओतले आणि पुन्हा. ओंजळ भरलेलीच!

मग सुरू झालं खरं काम. बिट्टीचे हात इटुकले आणि भोपळा केवढा मोठा! आई उंबऱ्यात बसून सांगायची आणि बिट्टी करायची. "फडकं घट्ट पिळ गं. नाहीतर मोडांना वास लागेल." "भोपळा फार शिजवू नकोस, त्याचा लगदा होईल." "फोडी लहान कर. आणि पेरूतल्या बिया काढ." भाजी तिला बाजारातल्या म्हाताऱ्या माळीणबाईंनी दिली, बदल्यात बिट्टीनं त्यांच्या टोपल्या वाहिल्या. गाजरं किसून बोटं केशरी झाली, पाला खुडून नखं हिरवी झाली. मिठाची बरणी सकाळीच शेवग्याच्या बेचक्यात जाऊन बसली होती. संध्याकाळी सात मडकी भरली, सात फडकी बांधली गेली. पहिला घाणा तयार! आळशी पंतांनी पोपटांना भरवायचं काम खुशीनं तिच्यावर सोडलं.

पोपटांनी आधी माना तिरक्या करून पाहिलं. शेवेची सवय झालेली ना! एकानं तर मोडाची मटकी उचलून बाहेर फेकली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पाचू झरोक्याशी आला, मक्याचा एक दाणा उचलला, जिभेवर घोळवला आणि गिळला. मग दुसरा. मग बाकीचे वीस जण ढकलाढकली करत आले.

पण बिट्टीच्या नशिबात एवढं सरळ नव्हतं. थंडी सरत आली होती आणि दुपारचं ऊन चटके देऊ लागलं होतं. पाचव्या दिवशी तिनं मडक्यावरचं फडकं सोडलं, तर आंबट वास. सहाव्याला आणि सातव्यालाही तेच! बिट्टीनं तिन्ही मडकी ओतून दिली आणि तीन दिवस घरोघर फिरून, पाला आणि कच्ची भाजी मागून, तिनं पोपटांना कसंबसं खाऊ घातलं.

दुसऱ्या घाण्याच्या दिवशी ती परीला म्हणाली, "मला ओंजळभर गारवा दे."

परीला ही मागणी इतकी आवडली, की तिनं टाळ्याच पिटल्या! निळसर, झुळझुळता गारवा बिट्टीच्या ओंजळीत उतरला. बोटं गारठली, दात कडकड वाजू लागले. तिनं तो मडक्यांभोवतीच्या ओल्या वाळूत ओतला. त्या दिवसापासून सातव्या मडक्यातलं गाजरसुद्धा पहिल्या दिवसासारखं करकरीत राहू लागलं.

आणि मग काय विचारता! पोपटांच्या अंगावर नवी पिसं फुटली. कोवळी, लुसलुशीत, हिरवीगार. गळ्यातल्या गुलाबी कंठ्या पुन्हा चमकू लागल्या. झोके झुलू लागले. आणि एके पहाटे, खणखणीत आवाजात, "बिट्टे, ऊठ!" बिट्टी अंथरुणातून उडालीच. आई हसून हसून रडली. पोपट आता जाळीच्या आत गोल गोल भराऱ्या मारत होते, पुन्हा पुन्हा जाळीला धडकत होते आणि लांबवरच्या जंगलाकडे बघत होते.

"पंतकाका, एकदा दार उघडून त्यांना उडू द्या ना," बिट्टी म्हणाली.

पंतांनी शेव गिळली. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं, पोरी. त्या दाराची किल्ली पाच वर्षांपूर्वीच हरवलीय. मी राणीसरकारांना सांगितलंच नाही. जे काय द्यायचं ते झरोक्यातून दे."

माघी पौर्णिमा उजाडली. नेमका बुधवार! उन्हं कलली की राणीसरकार येणार होत्या. बिट्टीनं पहाटेच मिठाची बरणी बाहेर ठेवली, चूल पेटवली, भाजी चिरली. पण आईला त्या दिवशी कणकण आली होती. तिला तांदळाची पेज हवी होती आणि पेजेला चिमूटभर मीठ लागतंच. बिट्टीनं बेचक्यातून बरणी काढून आणली, आईला पेज करून दिली. आणि गडबडीत बरणी तिथंच, चुलीच्या बाजूला राहिली.

बिट्टी खुशीत होती. आज शेवटचा घाणा. आज मी तिसरी इच्छा मागणार. आज आईचा हात! ती गुणगुणत मोठ्या पातेल्यातला मका आणि बाजरी ढवळत होती. पातेलं रटरटत होतं. तिचा हात बाजूला गेला, बरणीत गेला आणि मूठभर मीठ टाकून परत आला. तिला कळलंसुद्धा नाही. मग तिनं भोपळा घातला, गाजरं घातली, मोड घातले, सगळं कालवलं. सातही मडकी भरून झाली. परातीला लागलेलं तिनं बोटानं चाटलं.

खारट!

बिट्टी मटकन खाली बसली. सगळे मोड संपले होते. धान्य हवं तेवढं होतं, पण भिजून मोड यायला दोन दिवस लागतात. बागेतली सगळी फळं राणीसरकारांच्या ताटासाठी माळ्यांनी सकाळीच उतरवून नेली होती. बाजारही उठला होता, आणि घरोघर मागून सात मडकी भरायला वेळच नव्हता.

पंत सहज डोकावले. सगळा प्रकार कळल्यावर ते म्हणाले, "एवढंच ना? रडतेस काय! मडकी भरलेली आहेत. बघणाऱ्याला मीठ दिसतं होय? राणीसरकार येतील, बघतील, खूश होऊन जातील. आठवडाभर खाल्लं थोडं खारट, तर काय होतंय!"

खरंच, कुणाला कळणार होतं? बिट्टीनं सात मडक्यांकडे पाहिलं. सात रंगांची फडकी वाऱ्यावर हलत होती. मग तिनं जाळीकडे पाहिलं. पाचू चोच उघडून वाट बघत होता.

"पंतकाका, ते माझ्या हातचं डोळे मिटून खातात," ती म्हणाली.

आणि तिनं पहिलं मडकं उचललं आणि परसातल्या खड्ड्यात ओतलं. मग दुसरं. मग तिसरं. सातवं मडकंही तिनं तळापर्यंत रिकामं केलं.

मग ती डाळिंबापाशी गेली. परी वाटच पाहत होती. "बोल, बिट्टे. शेवटची इच्छा."

"नवा घाणा देशील?"

"ओंजळीत मावेल?"

"मग मीठ पडलंच नाही, असं करशील?"

परीनं हळूच मान हलवली. "तिसरा नियम, बाळा."

बिट्टीनं ओंजळीकडे पाहिलं. या ओंजळीत आईचा हात बरोब्बर मावत होता. आज मागितला तर आईला पुन्हा काम मिळेल, दोघींना पोटभर जेवण मिळेल. पण संध्याकाळी तो व्यापारी येईल. एकवीस पिंजरे, एकवीस गावं. आणि ओंजळीत मावेल अशी एक छोटीशी वस्तू होती, जी एकवीस जणांना वाचवू शकत होती.

ती रडत रडत म्हणाली, "पण मग आईचा हात..."

"माग गं," मागून आवाज आला. आई तापलेल्या अंगानं तिथवर चालत आली होती. "या हातानं मी त्यांना जन्मभर भरवलं. आता त्याच हातासाठी त्यांना पिंजऱ्यात जाऊ देऊ? माग, बिट्टे."

बिट्टीनं डोळे पुसले, ओंजळ पुढे केली आणि स्पष्ट म्हणाली, "मला पोपटखान्याची किल्ली दे."

एक झळाळती, सोनेरी किल्ली तिच्या ओंजळीत येऊन पडली. कुलपात ती फिरली, करकर आवाज झाला आणि पाच वर्षं बंद असलेलं दार उघडलं.

"जा," बिट्टी म्हणाली. "जंगलात जाऊन पोटभर खा. सगळे मिळून राहा."

पाचू दारात बसला. त्यानं बिट्टीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आणि भुर्रर्र! त्याच्यामागे दुसरा, तिसरा, दहावा, एकविसावा. हिरव्या ठिपक्यांची रांग जंगलाकडे गेली आणि दिसेनाशी झाली. पोपटखाना रिकामा झाला. बिट्टी दाराला टेकून उभी राहिली. तिला आनंदही होत होता आणि काळीजही तुटत होतं.

थोड्या वेळानं तुतारी वाजली. राणीसरकार आल्या, मागे सारं गाव आलं, आणि गाडी घेऊन व्यापारीही आला. सगळ्यांनी पाहिलं. दार सताड उघडं आणि सात मडकी रिकामी!

"हे काय?" राणीसरकारांनी विचारलं.

पंत हळूच गर्दीत मागे सरकले. बिट्टी पुढे आली. "राणीसरकार, माझ्या हातून घाण्यात मीठ पडलं. म्हणून मी तो ओतून दिला. पोपटांना मी सोडलं. कुणीही मला सांगितलं नव्हतं."

"माझा माल गेला!" व्यापारी ओरडला. "पौर्णिमेला मडकी रिकामी दिसली की पोपट माझे, असं ठरलं होतं! सरकार, या पोरीला शिक्षा करा!"

राणीसरकारांनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाळ, ते आता परत यायचे नाहीत, हे तुला ठाऊक आहे ना?"

"हो," बिट्टी म्हणाली. तिच्या गालावरून थेंब ओघळला.

इतक्यात आभाळातून आवाज आला. "बिट्टे, ऊठ!"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. जंगलाच्या दिशेनं हिरवा ढग येत होता! मावळतीचं सोनं त्यांच्या पंखांवर चमकत होतं. पाचू सगळ्यात पुढे होता. त्याच्या चोचीत हरभऱ्याचा हिरवा घाटा होता. दुसऱ्याच्या चोचीत उंबर. तिसऱ्याच्या चोचीत कोवळ्या ज्वारीचं कणीस. कुणाकडे बोर, कुणाकडे शेवग्याची फुलं, कुणाकडे चिंचेची कोवळी पालवी. ते सरसरत खाली आले, मडक्यांच्या काठांवर बसले आणि टप्, टप्, टप् आणलेलं मडक्यांत टाकलं!

आणि परत उडाले. आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. सारं गाव मोजू लागलं. "एक मडकं भरलं! दोन! तीन!" पोरं नाचू लागली. माळीणबाईंनी टोपली वाजवायला घेतली. "चार! पाच! सहा!" पाचूनं शेवटचं बोर टाकलं आणि सातवं मडकं काठोकाठ भरलं.

"सात!" सगळं हिरवडी एका आवाजात ओरडलं.

मग पाचू पुन्हा एकदा उडाला. तो परत आला तेव्हा त्याच्या चोचीत पिकलेल्या पेरूचा गुलाबी तुकडा होता. तो मडक्यांकडे गेलाच नाही. बिट्टीच्या खांद्यावर बसला आणि तो तुकडा त्यानं तिच्या तळहातावर ठेवला.

बिट्टीला हुंदकाच फुटला. बाविसावा घास! त्या दिवशीचा बाविसावा घास त्यांनी लक्षात ठेवला होता.

राणीसरकारांनी स्वतःच्या पदरानं तिचे डोळे पुसले. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पिसं हिरवी आहेत. सातही मडकी भरलेली आहेत. व्यापारीबुवा, तुमचे रिकामे पिंजरे घेऊन निघा आता!" व्यापारी जो निघाला, त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"आणि हे दार आता कधीच बंद होणार नाही. पोपट हवं तेव्हा जातील, हवं तेव्हा येतील. घाणा मात्र बिट्टी आणि सगुणाच करतील, आणि त्यांचं जेवण रोज माझ्या स्वयंपाकघरातून येईल."

पंत पुढे येऊन पाया पडले आणि किल्लीची गोष्ट एका दमात सांगून मोकळे झाले. राणीसरकारांना हसू आवरेना. "पंत, आता दर सोमवारी मूग तुम्ही भिजवायचे. आणि एक महिना जेवायचं याच मडक्यांतलं." पंतांनी मडक्यात डोकावून विचारलं, "थोडी शेव घातली तर?" तेव्हा पाचूनंच त्यांच्या पागोट्याला टोचलं.

या सगळ्या गलक्यात बिट्टीच्या तळव्याला काहीतरी उबदार लागलं. तिनं पाहिलं. कमरेला खोचलेली सोनेरी किल्ली कधीच विरघळली होती, आणि तिच्या ओंजळीत प्रकाशाचा एक छोटासा थेंब थरथरत होता. डाळिंबपरी तिच्या अंगठ्यावर बसली होती.

"चौथा नियम, बिट्टे," ती कानात म्हणाली. "जी इच्छा आपण स्वतःसाठी जपून ठेवतो आणि तरीही दुसऱ्याला देऊन टाकतो, ती ओंजळीत परत येते."

बिट्टीनं धावत जाऊन आईचा उजवा हात ओंजळीत घेतला. प्रकाशाचा थेंब मनगटावरून ओघळला, तळव्यावर पसरला. करंगळी हलली. मग अनामिका. मग एकेक करत पाचही बोटं मिटली, आणि आईनं त्या मिटलेल्या बोटांत बिट्टीचा हात घट्ट धरला. किती दिवसांनी!

पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र उगवत होता. डाळिंबपरी त्या दिशेनं उडाली. तिचा घागरा आधी केशरी झाला, मग सोनेरी, मग रुपेरी. तिच्या माळेतल्या ठिणग्या एकेक करून सुटल्या आणि साऱ्या बागेवर भुरभुरल्या. क्षणभर इतका लख्ख उजेड पडला, की पानापानाची शीर दिसली. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. डाळिंबाच्या झुडपावर मात्र बावीस नव्या कळ्या उमलल्या होत्या.

अजूनही हिरवडीत दर बुधवारी मोठ्या परातीत घाणा कालवला जातो. आई आणि बिट्टी दोघी मिळून कालवतात, चार हातांनी. मिठाची बरणी शेवग्याच्या बेचक्यात बसलेली असते, आणि पाचू तिच्यावर पहारा देतो. एकवीस घास एकवीस चोचींत जातात. बाविसावा घास ठेवलेला असतो, जो कुणी भुकेला येईल त्याच्यासाठी.